पाच मार्कांचा अनुभव

दहावीची सराव परीक्षा महिन्यावर आली असताना आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी वर्गातली सगळी गाईडं गोळा केली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. मॅडम नव्या होत्या, बीडहून रोज ये-जा करायच्या. त्यांच्या आधीच्या सरांनी आमच्याकडून चार निबंध पाठ करून घेतले होते. पेपरात काहीही आलं तरी चारातला एक वाकवून बसवायचा, अशी युक्ती. मला चारही तोंडपाठ होते. 'मी पाहिलेला अपघात' तर इतका पाठ होता की झोपेतून उठवलं तरी मी निळा ट्रक झाडावर आदळल्याचं इंग्रजीत सांगितलं असतं. अपघात मात्र मी जन्मात पाहिला नव्हता.

घटक चाचणीच्या वह्या तपासताना मॅडमना त्या एकाच निळ्या ट्रकचे एकतीस अपघात सापडले. त्या चिडल्या नाहीत. वह्या वाटून झाल्यावर म्हणाल्या, "अनुभव लिहा, हा प्रश्न पाच मार्कांचा आहे. यापुढे तुम्ही फक्त स्वतःचं लिहायचं. चुका होऊ द्या, त्या मी दुरुस्त करीन. पण पाठ केलेलं मला नको."

वर्गाला हा छळ वाटला. मला जास्तच, कारण बाकी विषयांत मी पहिल्या दोघा-तिघांत होते आणि इंग्रजीतही पाठांतरावरच तरले होते. ते काढून घेतल्यावर हातात काही उरलंच नाही. दोन दिवस मी वही उघडून बसायचे आणि मिटायचे. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले, शेजारी आईचा मोबाइल, शब्द शोधायला. आणि मी ताईबद्दल लिहायला लागले.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आधीच्या उन्हाळ्यात ती बारावी पास झाली होती आणि अंबाजोगाईला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. यादी मोबाइलवर आली तेव्हा तिनं स्वतःचं नाव बोटानं मोठं करून आम्हाला दाखवलं होतं. जायच्या दिवशी बॅग मोटारसायकलला बांधून झाली आणि तेवढ्यात आत्याचा फोन आला. आप्पा बाजूला जाऊन बोलले. परत आले, बॅगेची दोरी सोडली, बॅग आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." हॉस्टेलला राहिलेल्या पोरीला चांगलं स्थळ येत नाही, असं आत्याचं म्हणणं होतं. ताई दारात चपला घालून उभी होती. तिनं त्या काढल्या आणि पीठ मळायला बसली. त्यावर आमच्या घरात पुन्हा कोणी एक शब्द काढला नाही.

आप्पांचं किराणा दुकान होतं, गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात, अगदी चौकात. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून ते दुकान उघडायचे. त्यांनी कधी आमच्यावर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. म्हणूनच त्यांना उलट विचारायची कोणाला सवय नव्हती. मला मराठीत ही गोष्ट स्वतःशीसुद्धा धड बोलता आली नसती. इंग्रजीत मात्र ती भराभर आली, कारण मला लांब वाक्यं येतच नव्हती. 'माय सिस्टर डिड नॉट फेल. माय फादर टुक द बॅग इनसाइड.' ताई नापास झाली नव्हती, वडिलांनी बॅग आत नेली. असं एकेक.

मॅडमनी अकरा चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि खाली पाचपैकी पाच दिले. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "हे खरं आहे?"

मी मान हलवली.

"घरी दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण लिहीत राहा."

मी दाखवणार नव्हतेच. पण मॅडमनी मुख्याध्यापकांजवळ कौतुक केलं असावं, आणि मुख्याध्यापक आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. चहापत्ती घेता घेता ते आप्पांना म्हणाले, "धाकटीनं काय निबंध लिहिलाय म्हणे इंग्रजीत! तुमच्यावरच हाय, घरचा."

दुपारी आप्पा जेवायला आले ते हसतच. ताट पुढं येण्याआधीच म्हणाले, "वही आण. वाच बरं."

मी वाचलं. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, पण इंग्रजी अक्षर ओळखत नव्हते. ते मान डोलवत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता मराठीत सांग. आमाला बी कळू दे."

स्वयंपाकघरात ताईचं भाकरी थापणं थांबलं. मला तिची पाठ दिसत होती.

मी वहीकडं बघत सांगायला सुरुवात केली. माझे वडील पहाटे उठतात. ते दिवसभर दुकानात उभे राहतात. ते आम्हा दोघी बहिणींना शिकवतात. ते कधी रागावत नाहीत. बोट मी ओळींवरून नीट फिरवत होते, एक ओळ संपली की दुसरीवर. शब्द कुठं अडले नाहीत, याची मला आजही लाज वाटते. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आईला म्हणाले, "ऐकलंस का? लई हुशार हाय पोरगी."

ते दुकानात गेल्यावर ताईनं पिठाच्या हातानंच वही उचलली. बारावीपर्यंतचं तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं. तिनं उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

"हे कावून लिहिलंस?"

"मॅडम म्हणल्या, खरं लिहा."

"मग तुझं खरं लिही की. माझं कावून लिहितीस? मला इचारलंस?"

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. कोणीतरी तिची बाजू घेतली म्हणून. ती म्हणाली, "ते पान फाड," आणि पुन्हा परातीसमोर बसली. मी फाडते म्हणाले. फाडलं नाही. पानावर पाचपैकी पाच होते आणि सराव परीक्षेसाठी मी तेच पाठ करणार होते.

त्या रविवारी ताईला बघायला पाहुणे आले. माजलगावकडचे होते. मुलगा बँकेत नोकरीला, बरोबर त्याचे वडील, मामा आणि मावशी. आधी फोटो आला होता, आणि तो बघून ताईनं साडी स्वतः निवडली होती, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. चिवडा, लाडू, चहा झाला. मामांनी ताईला दोन-चार प्रश्न विचारले. मग बोलणं थोडं थांबलं आणि आप्पांनी मला हाक मारली.

"ही आमची धाकटी. इंग्रजीत पैला नंबर. तिनं माझ्यावर निबंध लिहिलाय. वाचून दाखव गं पाव्हण्यांना."

मी म्हणाले, "आप्पा, वही शाळेत हाय."

"दप्तरात हाय की. सकाळीच बघितली मी."

आईनं वही आणून हातात दिली. मी मधोमध उभी राहिले. समोर मुलगा बसला होता, हातात कप. त्याला इंग्रजी येत असणार, हे मला कळत होतं. त्याच्याशेजारी आप्पा, हसत. भिंतीकडं ताई, खाली मान घालून.

मी ठरवलं, निळा ट्रक म्हणायचा. वही डोळ्यांसमोर धरून ट्रकचा अपघात म्हणून टाकायचा. आप्पांना कळणार नाही, मुलाला वाटेल चुकीचं पान उघडलं. पहिली दोन वाक्यं नीट गेली. मुलगा गालात हसला, त्यानंही कधीतरी तोच निबंध पाठ केला असावा. ते हसू बघितलं आणि माझं तिसरं वाक्य गेलं. शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य. डोकं पाटीसारखं कोरं झालं. सगळे माझ्याकडं बघत होते, आप्पा पुढं वाच म्हणून मान हलवत होते, आणि डोळ्यांसमोर जे पान होतं ते मी वाचायला लागले. कोणी याला धीटपणा समजू नये. मला दुसरं काही आठवत नव्हतं, एवढंच.

मुलाचं हसू गेलं. त्यानं कप खाली ठेवला. मी वाचत राहिले, कारण आता थांबणं जास्त अवघड होतं. अर्ध्यावर अंबाजोगाई आलं. अंबाजोगाई इंग्रजीतही अंबाजोगाईच असतं. मग हॉस्टेल आलं, तेही तसंच. मग बॅग. मी वर बघितलं नाही, पण आप्पांच्या बाजूनं बशीत कप टेकल्याचा आवाज आला.

संपलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "छान वाचती."

मुलानं ताईकडं बघून विचारलं, "तुमचा नर्सिंगला नंबर लागला होता?"

ताईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "लागलता."

"मग गेला कशा नाहीत?"

ताईनं मान वर करून आप्पांकडं बघितलं. मला वाटलं आता आप्पा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते म्हणाले, "आमीच न्हाई पाठवलं."

मामांनी विषय बदलला, या वर्षीच्या कापसाचं काढलं. अर्ध्या तासात पाहुणे गेले. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आप्पा त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी फक्त एकदा, दुकानात मी डबा घेऊन गेले तेव्हा, त्यांनी तराजू पुसता पुसता विचारलं, "त्या दिवशी तू मला मराठीत सांगितलंस, ते वहीत होतं का?"

"न्हाई."

"एक ओळ बी?"

"न्हाई, आप्पा."

ते पुन्हा तराजू पुसायला लागले. बॅगेबद्दल लिहिलं म्हणून ते मला रागावले असते तर मी सहन केलं असतं. त्यांनी डोळे पुसले होते, ते मला आठवत राहिलं.

ताई बोलायची, पण कामापुरतं. एकदा मी धुणं वाळत घालताना तिच्याजवळ गेले, माफी मागायला. ती म्हणाली, "मला तो बरा वाटलता. लग्न झाल्यावर शिकू द्या म्हणून मी त्याला इचारणार होते. तू आधीच बोलून बसलीस. माझ्या तोंडचं."

सराव परीक्षा गेली, तोंडी परीक्षा गेली. घरात तिघंही माझ्याभोवती असायची आणि मी एकटी असायचे. मी तो निबंध पाठ करत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तो तर मॅडमनी तपासलेला, एकही चूक नसलेला निबंध होता. कोणताही विषय आला तरी त्यात बसवता येईल अशी सुरुवातीची तीन वाक्यंही मी तयार केली. माझ्या लक्षात आलं नाही की मी पुन्हा गाईडच बनवत होते.

बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरला आप्पांनीच मला मोटारसायकलवरून केंद्रावर सोडलं. केंद्र दहा किलोमीटरवर होतं. गेटवर पोलीस, आत दोन बायका दप्तर आणि खिसे तपासत होत्या. मी आत शिरताना आप्पा मागून म्हणाले, "पाणी पिऊन बस." दुकानातल्या त्या प्रश्नानंतर दोन महिन्यांत ते आपण होऊन बोललेलं ते पहिलंच.

पेपर सोपा होता. शेवटी अनुभवाचा प्रश्न आला. विषय होता, तुम्हाला काही शिकवून गेलेला प्रसंग. ताईचा निबंध त्यात अलगद बसत होता. मी पहिलं वाक्य लिहिलं, 'माय सिस्टर'. आणि पेन पुढं जाईना. माझं कावून लिहितीस, हे मला अगदी तिच्या आवाजात ऐकू येत होतं. घड्याळात पंचवीस मिनिटं उरली होती. पाच मिनिटं मी नुसती बसून घालवली. पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन बघून गेल्या. पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती आणि मला रडू येत होतं.

मग मी ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं की एके दिवशी माझ्या वडिलांनी मला एक पान वाचून मराठीत सांगायला सांगितलं, आणि मी त्यांना खोटं सांगितलं. ते लिहिताना मॅडमची दुरुस्ती नव्हती, मोबाइल नव्हता. 'भाषांतर' याला शब्द आठवला नाही, म्हणून मी 'इंग्रजीचं मराठी केलं' असं काहीतरी लिहिलं. क्रियापदांचे काळ उलटेपालटे झाले असणार. घंटा झाली तेव्हा शेवटचं वाक्य अर्धं होतं.

बाहेर आप्पा लिंबाखाली उभे होते. मोटारसायकल सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं, "निबंध आलता का?"

"आलता."

"कशाचा लिहिलास?"

मी सांगितलं. मराठीत, जसं लिहिलं होतं तसंच, एकही ओळ न बदलता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बस," आणि किक मारली. वाटेत रसवंतीवर थांबून त्यांनी दोन ग्लास सांगितले.

निकाल लागला तेव्हा इंग्रजीत मी वर्गात चौथी आले. मॅडम थोड्या हिरमुसल्या. निकालाच्या आधीच, मे महिन्यात, आप्पांनी जेवता जेवता ताईला विचारलं होतं, "ते नर्सिंगचे फॉर्म कवा निघतेत?" आत्याचा फोन पुन्हा आला. या वेळी आप्पा तिथंच बसून बोलले, आम्हाला ऐकू येईल असं.

ताई ऑगस्टात अंबाजोगाईला गेली. जाताना माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, आईला नाही, मला. पुस्तकं सगळी इंग्रजीत आहेत, म्हणाली, आणि हाडांची नावं वाचताना जीभ वळत नाही. आम्ही दोघींनी मोबाइलवर ती नावं एकेक करून म्हटली. एका नावाला ती इतकी अडखळली की हसायला लागली, आणि मग मलाही हसू आवरेना.