भिंतीपलीकडचा रिमोट

आमच्या हॉलमध्ये आता नुसता टीव्ही दिसतो. सेट टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, वायरींचं जंजाळ, सगळं आमच्या ह्यांनी भिंतीतल्या कपाटात बंद करून टाकलंय. नवा रिमोट रेडिओलहरींवर चालतो. पूर्वी समोर येऊन नेम धरावा लागे. आता आतल्या खोलीतून, दार लावलेलं असलं तरी चालतो.

संध्याकाळी बातम्या ऐकत बसले होते, तर आवाज आपोआप उतरला. थोड्या वेळाने आणखी उतरला. रिमोट मुक्ताच्या खोलीत होता. परवा तिच्या नोकरी सोडण्यावरून आमचं मायलेकींचं वाजलं, तेव्हापासून जेवणापुरतं सोडलं तर तिचं दार बंदच आहे.

"मुक्ता, त्रास होतोय का गं?"

आवाज तेवढा आणखी उतरला.

पूर्वी रिमोटसाठी का होईना, माणूस समोर यायचं. कपाळाला आठ्या घालून यायचं, पण यायचं. वायरी झाकता झाकता आम्ही तोंडं लपवायचीही सोय करून ठेवली.

मी उठले, कपाट उघडलं आणि हाताने आवाज वाढवला. तो कमी झाला. मी पुन्हा वाढवला, चांगला घरभर. भांडायला तरी बाहेर ये, बाई.

या वेळी तो कमी झाला नाही. माझा हात बटणावर तसाच राहिला. आतून कडी सरकली असती, तरी एवढ्या गोंगाटात मला ती ऐकू येणार नव्हती.