डाव्या कोपऱ्यातली सही

फुलस्टॉपबाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि का नसावा? दिवसाचे आठ तास डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका वेचायच्या, त्या बाईने काय गालात हसत बसायचं? एकतीस वर्षं त्या इंग्रजी प्रूफं तपासत होत्या. वाक्य संपलं आणि फुलस्टॉप नाही, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर लहान दिसलं की लाल पेन टेबलावर आपटलंच म्हणून समजा. आईबापांनी हौसेने नाव ठेवलं ते असं पायदळी तुडवायला का, असं त्या भिंतीला विचारायच्या. भिंत बिचारी गप्प.

रस्त्यावरही सुटका नव्हती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर नको तिथे एक ॲपॉस्ट्रॉफी लोंबत होता. तो बघत बाईंनी सहा वर्षं काढली आणि एक दिवस आत जाऊन दुकानदाराला सरळ विचारलं. तो म्हणाला, पाटी रंगवणाऱ्याने तेवढा वरून दिलाय, असू दे. घरी येऊन बाईंनी हे वहिनीला सांगितलं. भाऊ गेल्यापासून दोघी नणंद-भावजय दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या. पुढच्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाईंचा पलंग आणि चार शब्दकोश. वहिनी म्हणाली, "वन्सं, माझा टाका चुकला तर मी कापड उसवते. तुम्ही माणसं उसवून येता." बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

छापखान्यात खाली यंत्रं आणि कागदाचं गोदाम, वर मालकांची खोली आणि मधल्या मजल्यावर वाचनाची खोली होती. एक खिडकी, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत बाई, दुसरीत छापखान्यात सगळे ज्यांना काका म्हणत ते. काका मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचे आणि बाई प्रुफावर नजर ठेवायच्या. वाचायचे म्हणजे कसं? अक्षर न् अक्षर. कॅपिटल टी, एच, ई, जागा, लहान डी, ओ, जी, कॉमा, जागा. असं सव्वीस वर्षं. घरीसुद्धा काका कधी कधी वाक्याच्या शेवटी फुलस्टॉप म्हणून जायचे, असं त्यांची बायको सांगायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून हसू नका. काकांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं यायची, खुणा यायच्या, अर्थाच्या नावाने शून्य. आणि म्हणूनच त्यांच्यासारखा वाचणारा सापडणार नव्हता. ज्याला भाषा येते तो समोर जे असायला हवं ते वाचतो. काका समोर जे आहे ते वाचायचे. मूळ प्रतीत लहान अक्षर असेल तर लहान, टिंब नसेल तर नाही. त्यांच्या तोंडून कधी एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. बाईंना हे कळत होतं. दोघांचा एक नियम होता. पान वाचून झालं की डाव्या कोपऱ्यात काकांची सही, उजव्या कोपऱ्यात बाईंची. दोन सह्यांशिवाय कागद खोलीबाहेर जायचा नाही. थोरल्या मालकांनीच हा नियम घालून दिला होता आणि त्यांनीही तो कधी मोडला नाही.

मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि त्यांच्या खुर्चीत धाकटे मालक येऊन बसले. पहिल्याच आठवड्यात ते वाचनाच्या खोलीच्या दारात उभे राहिले, काकांचं वाचन थोडा वेळ ऐकलं आणि हसले. म्हणाले, हे काय, पाढे चाललेत का? चुका आता संगणक दाखवतो, खाली लाल रेघ मारून. शिवाय इंग्रजी न येणारा माणूस इंग्रजी तपासतो हे बाहेर कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. दुसऱ्या दिवशी काकांना खाली गठ्ठे बांधायला पाठवलं. बाई वर जाऊन तासभर भांडल्या. काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. उलट आणखी एक फर्मान निघालं. आता मूळ प्रत कागदावर मिळणार नाही. पानं जशी तयार होतील तशी सुटी येतील, बाईंनी एकट्याने बघून द्यायची.

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोवीस तास मेलं ते डोक्यात. आणि रागाच्या भरात त्यांनी एक हट्ट धरला. रोज संध्याकाळी तपासलेली पानं घेऊन त्या खाली जायच्या आणि काकांपुढे धरायच्या. डाव्या कोपऱ्यात सही करा.

पहिल्या दिवशी काका कचरले. म्हणाले, बाई, मी तर वाचलं नाही.

"मी वाचलंय ना," बाई म्हणाल्या. "तुमचा कोपरा रिकामा राहिला तर उद्या खुर्चीही उचलतील. करा सही."

काकांनी बोटांची खळ फडक्याला पुसली आणि सही केली. मग रोजच करू लागले. बाईंना वाटायचं, बरी जिरवली. धाकट्या मालकांनी कधी त्या कोपऱ्याकडे बघितलंही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात शाळांच्या सरावपुस्तकाचं काम आलं. विषय कोणता? इंग्रजी लिहिताना कॅपिटल अक्षरं आणि विरामचिन्हं नीट कशी वापरावीत. बाईंच्या आवडीचा. पहिली साठ पानं त्यांनी हौसेने तपासली. एकसष्टावं पान आलं, त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई पाणी प्यायला खाली गेल्या. काका गठ्ठा उचलता उचलता कमरेवर हात ठेवून वाकलेलेच राहिले होते. साठीला आलेला माणूस. बाई धुसफुसत वर आल्या. टेबलावर बासष्टावं पान येऊन पडलं होतं.

पानावर वीस वाक्यं. एकाही वाक्याला कॅपिटल नाही. शेवटी टिंब नाही, प्रश्नचिन्ह नाही. नद्यांची नावं, माणसांची नावं, वारांची नावं, सगळी लहान अक्षरांत. बाईंना वाटलं, हाच तो त्यांचा लाडका संगणक. आता दाखवतेच. त्यांनी लाल पेन उघडलं आणि अशा काही तुटून पडल्या की अर्ध्या तासात पान लालेलाल. वीसच्या वीस वाक्यं लख्ख करून त्यांनी उजव्या कोपऱ्यात सही ठोकली. संध्याकाळी काकांची घेतली. पुस्तक छापून गेलं.

तीन आठवड्यांनी एका शिक्षिकेचं पत्र आलं. एकसष्टाव्या पानाच्या तळाला सूचना छापली होती, पुढील वाक्यांतल्या चुका दुरुस्त करा. आणि पुढच्या पानावर वीस वाक्यं, एकही चूक नाही. तिने लिहिलं होतं की मुलं तासभर चुका शोधत बसली. एका मुलीने शेवटी रडत रडत बरोबर वाक्यं चुकीची केली, कारण पुस्तक खोटं कसं बोलेल?

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. एकसष्टावं पान त्यांनीच वाचलं होतं. पण तीन दिवसांपूर्वी, सुटं. समोर मूळ प्रत असती आणि काका लहान आय, लहान एम म्हणत गेले असते, तर दुसऱ्या वाक्याला त्यांचा हात थांबला असता. सगळं खरं. पण पेन कुणाचं होतं?

धाकट्या मालकांना पुस्तक पुन्हा छापावं लागणार होतं, आठ दिवसांत. ते करायला बाई हव्याच होत्या. मग खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? त्यांनी बासष्टाव्या पानाचं प्रूफ शोधून काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे काकांची सही होती. बाईंना वर बोलावून त्यांनी एक कागद दिला. म्हणाले, काकांना कामावरून काढायचं पत्र आहे, न वाचता सही केल्याबद्दल. मी स्वतः लिहिलंय. तेवढं कॉमा-बिमा बघून द्या, कायदेशीर कागद आहे, चूक नको.

बाईंनी कागद घेतला. भयंकर चीड आली. निलाजरा! ज्याला खाली ढकललं त्यालाच वर चूक केली म्हणून हाकलायचं, आणि तेही शुद्ध इंग्रजीत. जिना उतरताना मात्र तो राग दोन पायऱ्या मागे राहिला आणि दुसराच पुढे आला. सही मागायला कोण गेलं होतं? रोज, हट्टाने, काका नको म्हणत असताना? बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यांनी काकांना वर बोलावलं. सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पण काका आले ते हसतच. खुर्ची बघितली, तिच्यावरची धूळ हाताने झटकली, बसले, चष्मा पुसला. आपल्याला परत बोलावलं असंच त्यांना वाटलं. टेबलावरचा कागद त्यांनी उचलला आणि बाई तोंड उघडायच्या आत वाचायला लागले. कॅपिटल टी, ओ, कॉमा. आवाज तोच, खणखणीत. दुसऱ्या ओळीवर ते एक एक अक्षर म्हणत गेले आणि मधेच थांबले. जगातलं एक इंग्रजी नाव त्यांना ओळखता येत होतं.

"बाई, हे माझं नाव आहे," ते म्हणाले. "लहान अक्षराने का लिहिलंय? मालकांचं खाली सगळं कॅपिटल आहे."

मग बाईंनी सांगितलं. बासष्टावं पान, सूचना, रडणारी मुलगी, पत्रात काय आहे, सगळं. आवाज चढत गेला, कधी धाकट्या मालकांवर, कधी स्वतःवर. काका ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, पण ते उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग चुका काढा. निदान नाव तरी नीट करा. आपण दोघं असताना या खोलीतून चुकीचा कागद गेलेला नाही."

बाईंनी पेन उघडलं. तीन कॉमा घातले, दोन काढले, शेवटचा राहिलेला फुलस्टॉप दिला. मग काकांच्या नावावर आडवी लाल रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, कॅपिटल अक्षराने सुरू करून. न वाचता सही केली याच्या जागी न विचारता दुरुस्ती केली असं लिहिलं. उजव्या कोपऱ्यात सही केली आणि कागद काकांपुढे सरकवला.

काकांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खुणांसकट. बाईंच्या नावावरून बोट फिरवलं. आणि पेन खाली ठेवलं.

"वाचलं," ते म्हणाले. "सही करणार नाही."

बाई खवळल्या. म्हणाल्या, आता कसला मान राखताय, पत्र बरोबर आहे, करा सही. काकांचा आवाज एवढ्या वर्षांत कधी चढला नव्हता, तो चढला.

"न वाचता सव्वा महिना सह्या केल्या तुमच्या शब्दाखातर. तुम्ही मागायला यायला नको होतं, बाई, आणि मी करायला नको होत्या. आता वाचून नाही म्हणतोय, तर एकदा तरी ऐका."

बाईंनी कागद उचलला. त्या एकट्याच वर गेल्या आणि धाकट्या मालकांपुढे कागद ठेवला. त्यांनी लाल नाव बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"चूक बघायला दिली होती ना?" बाई म्हणाल्या. "सापडली. ते पान मी खराब केलं आणि सह्या मी मागून घेतल्या. आणि पुन्हा छापायचं पुस्तक काका समोर बसून वाचणार असतील, मूळ प्रत हातात असेल, तरच मी तपासीन."

धाकट्या मालकांना आठ दिवसांत पुस्तक हवं होतं. त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि हो म्हटलं. आठ दिवस वाचनाच्या खोलीत पुन्हा दोन आवाज होते. बासष्टाव्या पानाला काका नेहमीपेक्षा सावकाश वाचले आणि बाईंनी हात मागे बांधून ऐकलं. वीस वाक्यं, सगळी चुकीची, जशीच्या तशी. दोघांनी सह्या केल्या.

नवव्या दिवशी बाईंना पत्र मिळालं. काकांची खुर्ची राहिली, बाईंची गेली. धाकट्या मालकांनी पत्र पुन्हा लिहून घेतलं होतं आणि बाईंचं नाव लहान अक्षराने होतं. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पेन काढलं, अक्षर मोठं केलं, टिंब दिलं आणि उजव्या कोपऱ्यात सही केली. घरी येऊन वहिनीला दाखवलं. वहिनीने मशीन थांबवून कागद उलटसुलट केला आणि विचारलं की या डाव्या कोपऱ्यात जागा कशाला सोडली आहे. बाई म्हणाल्या, ती काकांची, ते सही करणार नाही म्हणाले.