सरांचं बोलणं

माझी पीएचडी निम्म्यावर असताना माझ्या गाइडना, म्हणजे सरांना, पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. माझा विषय होता, मराठी बोलणं संगणकाला कसं कळेल.

मी वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवत होते. दिवसभर लेक्चरं आणि प्रॅक्टिकलं, मग उरलेल्या जिवात संशोधन. शहरी माणसाचं बोलणं माझा प्रोग्रॅम बऱ्यापैकी लिहून काढायचा. कॉलेजच्या आसपासच्या गावातलं कुणी ‘आहे’ला ‘हाय’ म्हणालं की भलतंच उमटायचं. त्याचा राग येणंही आता थांबलं होतं.

विभागप्रमुख म्हणाले, “दुसरे गाइड घ्या. सरांचं काही खरं नाही.”

नवे गाइड मिळाले. ते सही करायला तयार होते, वाचायला नाही. म्हणून दर शनिवारी मी प्रकरणं घेऊन सरांकडे जाऊ लागले. वाघोलीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. पोचेपर्यंत अंगात त्राण नसायचं.

सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, दार उघडत. “या. आज शब्द कमी आहेत, चिडचिड भरपूर.”

सर डाव्या हाताचं बोट एखाद्या ओळीवर ठेवून काहीतरी म्हणत. मला एक अक्षरही कळत नसे. बाई सांगत, “हे वाक्य कुणासाठी लिहिलंय, विचारतायत.” मी ते खोडायचे. सर ‘र’ गिळत, शब्दाचा शेवट सोडून देत. काही महिन्यांनी बाईंनी सांगायच्या आधीच मला कळायला लागलं.

एका शनिवारी मी म्हटलं, “सर, सोडते आता. होत नाही.”

त्यांना बोलायला बराच वेळ लागला. “सोडा. आधी... हे प्रकरण... नीट करा.”

बाई हसल्या. मला हसू आलं नाही, पण प्रकरण नीट केलं. मग पुढचंही.

तोंडी परीक्षेला सर व्हीलचेअरवर आले. बाहेरच्या परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर त्यांनी डावा हात वर केला आणि बोलले. सगळे टेबलाकडे बघू लागले.

“सर शुभेच्छा देतायत,” विभागप्रमुख म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. “ज्यांचं बोलणं या प्रोग्रॅमला कळत नाही त्यांचं काय करणार, असं विचारतायत.”

सरांनी मान डोलावली.

“उत्तर नाही माझ्याकडे, सर. जमलेलं नाही ते.”

परीक्षकांनी पानं उलटत विचारलं, “हे प्रबंधात कबूल केलंय?”

“हो. शेवटच्या प्रकरणात.”

त्यांनी सही केली. बाहेर पडताना सरांनी माझा हात धरून ठेवला. दाराबाहेर थांबलेल्या बाई म्हणाल्या, “आता घरी जाऊन झोपा. चेहरा बघवत नाही तुमचा.”

आनंद व्हायला हवा होता. झाला असेल नंतर कधीतरी. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं, आणि कंडक्टरनं उठवलं तेव्हा वाघोली कधीच मागे पडली होती.