मोडला की सांगायचं

जेऊरच्या स्टेशनमास्तरांचा फोन शेजारच्या किराणा दुकानात आला, तेव्हा मी भाऊजींवर चिडलेलीच होते. दुपारी जेवायला येतो म्हणून सांगून गेलेला माणूस दिवेलागण झाली तरी आला नव्हता, आणि आमच्या घरात हे काही नवलाचं नव्हतं. भाकरी झाकून ठेवली होती, माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता... आणि दुकानदार निरोप घेऊन दारात आला. फलाटावरच्या बाकावर, गाडीची वाट बघत बसल्या बसल्या भाऊजी गेले होते. माझा राग निम्म्यावरच राहिला. महिना उलटला, तरी तो अजून पुरता उतरलेला नाही.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर माधव, सोलापुरात पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर होते. लग्न केलं नाही, आमच्याच घरी पुढच्या खोलीत राहिले. बहात्तरच्या दुष्काळात खडकाला भोक पाडणारी मोठी यंत्रं परदेशातून आली, त्यांच्या मागोमाग हे गावोगाव हिंडू लागले, ते शेवटपर्यंत हिंडतच राहिले. घरचा नळ गळायला लागला की मात्र त्याला चिंधी बांधायची मीच. एकदा म्हटलं, “भाऊजी, हे घरही सोलापूर जिल्ह्यातच येतं.” तर म्हणाले, “तुमच्याकडे चिंधी तरी आहे, वहिनी.” काय बोलणार अशा माणसाला! पाऊस आता पूर्वीसारखा नेमानं येत नाही, जगाचं हवामानच पालटतंय, पाण्यासाठी साऱ्या देशांनी एकत्र यायला हवं, असलं काही पेपरात आलं की मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी म्हणायची, देश एकत्र येतील तेव्हा येतील, तुम्ही जेवायच्या वेळेला येत जा.

तर त्या दुष्काळात जेऊरच्या पुढच्या एका गावाला बोअर लागली. नाव घेत नाही, गावाला वाईट वाटेल. यंत्र एका देशाचं, लोखंडी नळ्या दुसऱ्याच देशाच्या आणि वर बसवायचा हातपंप तिसऱ्या देशानं दिलेला. नळ्यांचे आटे पंपाला बसेनात, त्यात पहिले काही दिवस गेले. जमिनीखाली पाणी आहे, वर बायका घागरी घेऊन उभ्या आहेत, आणि तीन देशांच्या आट्यांचं जमत नाही! शेवटी सोलापूरच्या एका लेथवर आटे पाडून आणले आणि पंप बसला. तो देणाऱ्या देशाचा गोरा इंजिनिअर स्वतः आला, गावानं त्याला फेटा बांधला, नारळ फोडला. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं ‘पाव्हणा’.

पुढच्या उन्हाळ्यात पाव्हणा पंप बघायला पुन्हा आला. दांडा हलवला, पाणी आलं, त्यानं टाळ्या वाजवल्या. मायदेशी कळवून तसलेच आणखी पंप मागवून दिले. सगळे खूश. भाऊजीही खूश होऊन घरी आले आणि चक्क वेळेवर जेवले.

नंतर एकदा कुणाला न कळवता ते त्या गावात गेले, तर पंपापाशी चिटपाखरू नाही. बायका लांब ओढ्यात वाळू उकरून झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. पंपाच्या आतलं, पाणी वर ओढणारं कातडं केव्हाच झिजून गेलं होतं. पाव्हणा यायच्या दिवशी गावानं ओढ्यातलं पाणी आणून पंपाच्या नळीत वरून ओतून ठेवलं होतं, तेच चार हिसक्यांत बाहेर आलं! भाऊजींनी सरपंच तात्यांना जाब विचारला, तर ते हात जोडून म्हणाले, “सायेब, येवढ्या लांबनं मानसानं वस्तू दिली. ती मोडली म्हून त्येच्या तोंडावर कसं सांगायचं वो?”

ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. गाव तहानेनं मरतंय आणि यांना पाव्हण्याच्या मनाची काळजी! पण त्याहून राग आला तो भाऊजींचा. पाव्हणा अजून सोलापुरातच होता, आणि हेही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. वरच्या साहेबांनी बजावलं होतं म्हणे, की तक्रार केलीत तर ती मदत दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. त्यात यांनीच त्या गोऱ्याला आमच्याकडे जेवायला बोलावलेलं. तो आला, मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसला, शेंगाचटणी खाऊन लालबुंद झाला, तांब्यावर तांब्या पाणी प्याला. प्रत्येक तांब्यागणिक मी भाऊजींकडे बघत होते आणि ते ताटाकडे बघत होते. स्वयंपाकघरात पाणी घ्यायला आले तेव्हा मी विचारलंच, कधी सांगणार? “जेवत्या माणसाला कसं सांगायचं, वहिनी?” म्हणाले. म्हणजे तात्या परवडले! मी म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी माझ्या मराठीत सांगते, आणि मी आवाज खाली ठेवणार नाही.

मग सांगितलं त्यांनी, हात धुवून झाल्यावर. पाव्हणा शेंगाचटणीनं झाला होता त्याहून लाल झाला. मला वाटलं, गेली मदत. पण भाऊजींनी मला नंतर समजावून सांगितलं ते असं, की त्याच्या आईच्या अंगणात हाच पंप आहे आणि तो वापरणारी माणसं चार. इथं पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत अख्खं गाव तो हाणत होतं, दुसरं काय होणार? त्याचा राग एवढाच होता, की त्याला कुणी सांगितलं का नाही. दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन पंप उघडून बसले. पुढं तिकडून आराखडे आले, इथल्या फौंड्रीत ओतकाम झालं, भक्कम पंप तयार झाला तोही आधी त्याच गावात बसवला, दोन-तीनदा मोडला, दोन-तीनदा सुधारला. तेव्हापासून कुठल्याही गावात पंप बसला की भाऊजींचं भाषण एकच, तेही ओरडून: “मोडला की सांगायचं!” पुढाऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची. यांना पर्वा नसायची.

आता खरं सांगायचं ते सांगते. तेराव्याला तात्या आणि त्याच गावच्या पारूबाई आल्या. तात्या डोळे पुसत म्हणाले, भाऊसाहेबांचा पंप लई गुणाचा हाय. मी चहा पुढं केला. पारूबाईंनी कपबशी घेतली, तर दोन्ही तळव्यांवर दोराचे ताजे फोड. पंपाच्या दांड्यानं असे फोड येत नाहीत, हे मलाही कळतं. मी विचारलं, “पंप मोडलाय ना?” पारूबाईंनी हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, “दोन म्हैनं झालं, वैनी. लांबच्या हिरीवर जातोय आमी. त्या दिवशी भाऊसायेब आलं की... आमी पानी वतून ठिवलं व्हतं. त्यास्नी बी कसं सांगायचं? दांडा हालवला, पानी आलं, लई हासलं. हासतच टेसनाकडं गेलं.”

मी रडले, आणि मग तिथंच, तेराव्याच्या घरात, दोघांनाही नको नको ते बोलले. वीतभर कातड्यासाठी दोन महिने! एवढी वर्षं तो माणूस घसा फोडून सांगत होता, आणि त्यालाच तुम्ही पाव्हणा केलंत! तरी एक कबूल करते, हसत गेले हे ऐकून मला बरंही वाटलं. कुणावर चिडावं तेच कळेना. दुसऱ्या दिवशी आमच्या यांना, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाला, भाऊजींच्या ऑफिसात बसवून ठेवलं, मिस्त्री घेतल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणून. पंप चालू झाला.

गेल्या मंगळवारी दुपारी दार वाजलं. उन्हानं लाल झालेल्या पारूबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या, एकट्याच आलेल्या. बसा म्हटलं तर बसेनात. आधी सांगू द्या म्हणाल्या, न्हाईतर पुन्ना जीभ उचलायची न्हाई.

“वैनी, पंप मोडला. काल सकाळी.”

मी त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं, भाऊजींच्या खाटेवर बसवलं. म्हटलं, आता हेच इथं एकदा मोठ्यानं सांगा.