मावशीची जखम आणि माझा धातू

गॅलियम हा धातू तळहातावर ठेवला की वितळतो. आमच्याकडे तर एप्रिल लागला की तो बाटलीतच पाऱ्यासारखा हलायचा. अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी काचेवर गॅलियमच्या संयुगांचे पातळ थर चढवायचे आणि त्यांवर उंदराच्या कातडीतल्या पेशी वाढवायचे. पेशी थराला नीट चिकटल्या की त्यातून जाणारी वीज किंचित बदलायची. तेवढ्यावरून त्या धडधाकट आहेत की मरायला लागल्यात, ते कळायचं. गॅलियमचा आणखी एक गुण होता. जंतू त्याला लोह समजून आत घेतात आणि लोहाविना उपाशी मरतात.

आई अकोल्याला, जठारपेठेत राहायची. एकदा फोनवर तिनं विचारलं, "तू दिवसभर तिथं करून तरी काय राहिली?"

सोपं करून सांगायची मला भारी हौस. म्हटलं, "जखमेतले जंतू मारणारा धातू आहे, आई. त्याची पट्टी करायचं चाललंय."

आईला ते समजलं, याचाच मला आनंद झाला.

मावशी, आईची धाकटी बहीण, चांदूर बाजारजवळच्या खेड्यात राहायची. घरचं शेत होतं, आणि शेतात ती स्वतः राबायची. ती वर्षं वाईट होती. कापूस घरात यायचा, पण त्यातून काही उरायचं नाही, आणि दवाखान्यात जाणं आमच्या नात्यागोत्यात सगळ्यात शेवटी सुचायचं. त्या दिवाळीला ती अकोल्याला आली तेव्हा लंगडत होती. उजव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ती ओसरीवर टेकली आणि मला वास आला.

"काय झालं गं पायाला?"

"पऱ्हाटीचं धसकट घुसलं होतं," ती म्हणाली. म्हणजे कापसाच्या झाडाचं वाळकं, टोकदार खुंट. "पोळ्याच्या आधी."

"आणि इतके दिवस दाखवलं नाहीस?"

"काहून दाखवू? माह्या घरची पोरगी औषध करून राह्यली. तुह्या मायनं सांगतलं मले." तिनं हसत पाय पुढे केला. "आण वं तुही ते पट्टी. बांध."

मी चिंधी सोडली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. मी हलकेच बोट लावलं, तर तिला कळलंही नाही.

"दुखत नाही?"

"पयले दुखे. आता काईच नाही. म्हनून तं म्हनलं, थांबू दिवाळीलोक."

तिला साखरेचा आजार होता आणि पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. मी तिथंच खाली बसले. माझी पट्टी म्हणजे नखाएवढा काचेचा तुकडा होता. माणसाच्या अंगाला तो कधी लागला नव्हता. लागायला किती वर्षं जातील, तेही मला ठाऊक नव्हतं.

"मावशी, माझ्याकडे औषध नाही."

"मंग तुही माय काय सांगे?"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या हातात अनारशांचं ताट होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं सहन झालं नाही. ती खोटं बोलली नव्हती. मीही बोलले नव्हते. तरी त्या दोघींच्या मध्ये चोरासारखी बसले होते मी.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर साध्या ड्रेसिंगवर भागलं असतं. दोन्ही बोटं काढावी लागली.

ती अजून दवाखान्यात होती, त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत माझा प्रयोग जमला. जंतू वाढवलेल्या बशीत माझ्या तुकड्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. तेवढ्या जागेत एकही जंतू उरला नव्हता. सरांनी सगळ्यांना बोलावून बशी दाखवली, पेढे मागवले. मी पेढा हातात धरून उभी राहिले. खात का नाहीस, असं कुणी विचारलं तर काय सांगू, म्हणून हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले.

मावशीनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट ती नर्सला सांगायची, "हे माह्या बहिनीची पोरगी. लय शिकेल हाय." मी मान खाली घालून तिच्या गोळ्या मोजत बसायचे.

उन्हाळ्यात तिच्या गावी गेले. एव्हाना ती पुढून कापलेली चप्पल घालून चालत होती, जरा कलून, पण बिनकाठीची. शेजारची एक बाई भाजलेला हात घेऊन अंगणात आली. तिच्याही कानावर काहीतरी गेलं असावं, कारण ती थेट माझ्यासमोर बसली आणि पदर बाजूला करून हात दाखवायला लागली.

मी तोंड उघडायच्या आधीच मावशी म्हणाली, "तिले नोको दाखवू वं. ते औषध शोधून राह्यली, पन अजून झालं नाही. तू दवाखान्यात जाय. आजच जाय."

ती बाई उठून गेली. मावशीनं माझ्यापुढे चहाची बशी सरकवली आणि म्हणाली, "पी. थंडा होते."