गायब स्टेपनी आणि माझी पहिली ट्रान्सपोर्ट कंपनी

मी ट्रकखाली उताणा पडलो होतो. हातात टॉर्च, अंगात लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट, आणि माझा डावा पाय धरून कोणीतरी मला बाहेर ओढत होतं.

"निघ बाहेर! निघ! ताई, चोर सापडला! स्टेपनी चोर!"

सकाळचे अकरा वाजले होते. पुलगाव रोडवर एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं पत्र्याचं शेड होतं, समोर मोकळं आवार आणि आवारात तीन ट्रक. मी तिथे चोरी करायला गेलो नव्हतो. नोकरी मागायला गेलो होतो. पण ते पटवून देणं जरा अवघड होतं, कारण मी ज्या ट्रकखाली होतो त्याची स्टेपनी खरोखरच गायब होती.

स्टेपनी म्हणजे जादा चाक. कारमध्ये ती डिकीत असते, ट्रकमध्ये बहुतेक वेळा मागच्या बाजूला, खाली साखळीनं टांगलेली असते. इथे नुसती साखळी लोंबत होती आणि तिला धरल्यामुळे माझे दोन्ही हात काळे झाले होते. तुम्ही न्यायाधीश असता तर मला जामीनसुद्धा दिला नसता.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो.

सावंगीला मी चौदा वर्षं शाळेची व्हॅन चालवली. मुलांचे डबे, भांडणं, उलट्या, सगळं पोचवलं. एकोणचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, आता माल वाहू. माल निदान खिडकीतून हात बाहेर काढत नाही. व्हॅन विकली आणि हेवी लायसन्स काढलं. ट्रक चालवायला वेगळं लायसन्स लागतं, त्याला आम्ही हेवी म्हणतो. ते हातात आलं आणि माझ्यासमोर दोन कंपन्या उभ्या राहिल्या. नावं सांगत नाही. एकीला काचवाली म्हणू, दुसरीला पत्रावाली.

काचवालीचं ऑफिस थंडगार. मॅनेजरनं टाय घातला नव्हता, पण टाय घातल्यासारखा बोलायचा. नवीन गाड्या, केबिनमध्ये एसी, ड्रायव्हरला युनिफॉर्म, पगारही पत्रावालीपेक्षा जास्त.

"उद्या पाचपर्यंत कळवा," तो म्हणाला. "मागं लाईन लागून आहे."

माझ्या बायकोनं, ज्योतीनं, घरी निकाल देऊन टाकला होता. "काचवालीच घ्या. युनिफॉर्ममंधी तरी माणसासारखे दिसान."

मला हेवी शिकवली ती बंडूभाऊंनी. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. "मालकाचं तोंड नोको पाहू. त्याची स्टेपनी पाहाजो. जे चाक रोज चालत नाई, त्याच्यावर खर्च करते का नाई, ते पाहाजो."

म्हणून काचवालीच्या आवारात एका चकचकीत ट्रकच्या मागे वाकलो. स्टेपनी होती, पण झिजून पार गुळगुळीत झालेली. एका कडेला रबर फाटून तारा दिसत होत्या. परत जाऊन मॅनेजरला विचारलं.

तो हसला. "स्टेपनी कोण पाहते हो? ते काय रोडवर चालते?"

तिथे मीसुद्धा हसलो. नोकरी हवी असलेला माणूस मॅनेजरच्या सगळ्या विनोदांना हसतो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागे गाडीवर बसून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रावालीकडे गेलो. इथे माझी चूक झाली, मान्य करतो. आधी ऑफिसात जाऊन नाव सांगायला हवं होतं. पण चौदा वर्षं मी कोणाच्याही गेटातून हॉर्न वाजवून थेट आत शिरत होतो. व्हॅनवाल्याला कोण अडवतो? तसाच शिरलो आणि पहिल्या ट्रकखाली घुसलो.

पाय ओढणारे होते तुळशीराम मुनशी. मुनशी म्हणजे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कारभारी. कोणती गाडी कुठे आहे, काय भरलंय, सगळं त्याच्याकडे. साठीचे, काटकुळे, पण पकड पान्यासारखी. मला तसंच धरून त्यांनी शेडमध्ये उभं केलं.

टेबलामागे ताई बसल्या होत्या. कंपनी त्यांचीच. चष्मा कपाळावर, फोन कानाला. मला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काऊन रे, चोरी करायले पांढरा शर्ट घालून आला?"

"ताई, मी नोकरीसाठी आलो."

"गाडीखाली नोकरी लागते का?" मुनशी ओरडले. "स्टेपनी कुठं लपवली ते सांग आधी!"

"मी स्टेपनी पाहायलेच गेलतो," मी म्हणालो. "पण ते नाईच तिथं."

"पाहा! स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यला!"

ताईंनी फोन खाली ठेवला आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"अवो मुनशीजी, सोडा त्याले. ते म्याच पाठवली सकाळी. तुम्ही कापसाच्या जिनिंगवर गेलते तवा."

झालं असं होतं. त्यांचा एक ड्रायव्हर पांढरकवड्याजवळ अडकला होता. एक टायर फुटला, स्टेपनी लावली, तर पुढे दुसरा फुटला. त्याचा फोन आला तेव्हा ताईंनी आवारातल्या उभ्या गाडीची स्टेपनी काढली आणि तिकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत टाकून दिली. मघाशी फोनवर तोच ड्रायव्हर होता. चाक मिळालं, जेवून निघतो, असं सांगत होता.

मी येताना एक प्रश्न पाठ करून आलो होतो. 'गाडी रस्त्यात उभी राहिली तर तुमच्याकडे फोन कोण उचलतं?' तो विचारायची गरजच उरली नाही.

पण ताईंचा प्रश्न बाकी होता. "गाडीखाली इतका वेळ होता न तू? आणखीन काय पाह्यलं?"

आता माझा प्रवेश आला, हे मी ओळखलं. शर्टाची कॉलर नीट केली. ती पण काळी झाली.

"डाव्या बाजूचा मागचा आतला टायर बसला आहे."

"शक्यच नाई!" मुनशी म्हणाले. "सकाळीच चक्कर मारली म्या."

ट्रकला मागे प्रत्येक बाजूला चाकं जोडीनं असतात. बाहेरचं दिसतं, आतलं त्याच्यामागे लपतं. आतल्यातली हवा गेली तरी बाहेरचं चाक वजन उचलून धरतं, त्यामुळे उभ्या गाडीत चटकन कळत नाही. भरलेली गाडी धावायला लागली की बाहेरचंही तापतं आणि फुटतं. त्या गाडीत दुपारी रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी भरायच्या होत्या.

सगळे गाडीपाशी गेलो आणि मी मुनशींकडून टामी मागून घेतली. टामी म्हणजे चाक खोलायची लोखंडी सळई. आधी बाहेरच्या टायरवर मारली. टण्ण! चेंडूसारखी उसळून आली. मग ती फटीतून आत सरकवली, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मारली.

धप्प.

गादीवर मारल्यासारखा आवाज. त्या धप्पइतकी दाद मला आयुष्यात परत मिळाली नाही. मुनशींनी टामी माझ्या हातातून घेतली, स्वतः मारून पाहिली, आणि पंक्चरवाल्याला फोन लावला.

"पगार त्या काचेच्या ऑफिसवाल्यापेक्षा कमी आहे माहा," ताई म्हणाल्या. मी आधी तिथे जाऊन आलो हे त्यांनी कसं ओळखलं, कोण जाणे. "एसी नाई. युनिफॉर्म नाई."

"शर्ट तर गेलाच आहे ताई. आता युनिफॉर्म घेऊन काय करू?"

पाच वाजायच्या आधी मी मॅनेजरला फोन केला. म्हणालो, "साहेब, नाही जमणार." त्यानं कारण विचारलं. "तुमची स्टेपनी रोडवर चालत नाही," मी म्हणालो, "पण मी चालतो." तो हसला नाही. घरी ज्योतीनं शर्ट दोन बोटांनी उचलला, नोकरी लागली म्हणून अभिनंदन केलं आणि तीन दिवस शर्टाशी बोलली, माझ्याशी नाही.

पहिल्याच महिन्यात कारंजा घाडग्याच्या पुढे भरदुपारी माझे दोन टायर एकामागून एक गेले. स्टेपनी एकच. ताईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "तू ठीक आहे न?" आणि फोन ठेवला. डबा खाऊन हात धूत होतो, तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. मागून तुळशीराम मुनशी उतरले, चाक स्वतः ढकलत माझ्यापर्यंत आणलं आणि म्हणाले,

"घे रे चोरा, तुह्यी स्टेपनी."

नऊ वर्षं झाली. त्याच कंपनीत आहे. ताई आता नवीन ड्रायव्हर आला की त्याला आधी माझ्याकडे पाठवतात. तो विचारतो, दादा, कंपनी कशी निवडायची? मी सांगतो, गाडीखाली जाऊन पाहा. पण आधी ऑफिसात नाव सांग, आणि शर्ट जुना घाल.