सफरचंदं कुणाच्या बागेतली?

दामले सर गेल्याचा पुण्याहून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा मेसेज आला, तेव्हा मी ऑफिसात होते. शेजारच्या सहकाऱ्याने "क्या हुआ?" विचारलं. हे माझे कोण, ते मला सांगता येईना. मुलीचे मराठीचे सर, एवढंच म्हणाले. फारच अपुरं होतं ते...

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीची ती वर्षं. दोहाभर खोदलेले रस्ते, क्रेन आणि मोठमोठे फलक. सर इथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे आणि शुक्रवारी सकाळी फरीज बिन ओमरान भागातल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मराठी मुलांचा वर्ग घ्यायचे. आमची मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. गोष्टींच्या पुस्तकांकडे ती ढुंकूनही बघेनात, तेव्हा सरांनी भलताच उपाय काढला. त्यांच्या शेजारी मारिया नावाच्या वयस्कर संगीतशिक्षिका राहायच्या. त्यांचं बालपण युरोपातल्या एका हुकूमशाहीत गेलेलं. त्यांनी जपून ठेवलेलं पहिलीचं गणिताचं पुस्तक सरांनी त्यांच्या मदतीने मराठीत उतरवलं आणि तेच मुलांना वाचायला दिलं.

"थोर नेत्यांनी पाच मुलांना प्रत्येकी तीन सफरचंदं दिली. एकूण किती?"

"फिफ्टीन!" मुलं ओरडली.

"बरोबर. आता सांगा, सफरचंदं कुणाच्या बागेतली?"

मुलं पुस्तकात शोधू लागली. मग सरांनी वर्गात बोलावलेल्या मारियाबाईंनी सांगितलं, बाग त्यांच्या आजोबांची, सरकारने काढून घेतलेली. पण रोज अशी गणितं सोडवून त्या शाळेतून यायच्या, त्या नेत्याच्या प्रेमातच पडून. घरी कोण काय बोलतं यावर वर्गात निबंध लिहायचा असे. म्हणून त्यांचे वडील त्यांच्यासमोर बोलेनासे झाले. "खोटं दरवेळी ओरडून सांगत नाहीत रे," सर म्हणाले. "बरोबर उत्तराच्या आत ठेवतात. मूल उत्तर शोधायच्या नादात ते गिळून टाकतं."

मग मुलांनी स्वतः तशी गणितं रचायची. आमच्या ईराने, तेव्हा ती अकराची, लिहिलं: 'बाबांनी चार पाहुण्यांना तीन-तीन पोळ्या वाढल्या. पोळ्या कोणी लाटल्या?' सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मीही हसले. मला त्या माणसाचं कौतुक वाटायचं, तोवर तरी अगदी निर्धास्तपणे.

मी ज्या कंपनीत होते ती एका स्टेडियमच्या कामावर होती. तिची माहितीपुस्तिका मी लिहिली होती आणि मोठ्या हौसेने घरी आणली होती. ईराने पानं उलटली. "आई, सगळीकडे 'वी बिल्ट' लिहिलंय. बट हू बिल्ट इट? त्यांचे फोटो कुठेत?"

स्टेडियमच्या मजुरांबद्दल ही शाळेत असं काही बोलली तर? नोकरी, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या दिवसापासून ती खोलीत आली की आम्ही नवरा-बायको विषय बदलू लागलो. पुढच्याच शुक्रवारी मी सरांना गाठलं.

"सर, ती गणितं बंद करा. आपण परक्या देशात आहोत."

"तुम्हाला कुणी काही म्हटलं का, ताई?"

"नाही. पण कुणी म्हणेपर्यंत थांबायचं का?"

सरांनी वाद घातला नाही. आवाजात रागही नव्हता. "घाबरलेल्या आईशी मी भांडणार नाही," म्हणाले. "फक्त ईराला गप्प बसवू नका." गणितं त्यांनी थांबवली. का थांबवली ते मुलांना सांगितलं, माझं नाव मात्र कधीच घेतलं नाही. पुढे भेटले की पूर्वीसारखेच हसायचे, चहा पाजायचे. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यांची माफी मागायचं मात्र, आज मागू, उद्या मागू करत राहून गेलं.

हा लेख मी आधी वेगळा लिहिला होता. ईरा आता कॉलेजला पुण्यात असते, तिला पाठवला. रात्री फोन आला. कौतुक करेल म्हणून मी सरसावून बसले.

"आई, तू लिहिलंयस, 'काही पालकांच्या आग्रहावरून सरांनी तो पाठ थांबवला.'"

"हो, मग?"

"काही म्हणजे कोण?"

मी लेख पुन्हा उघडला. तिने फोन ठेवला नाही. मग मी ते वाक्य खोडलं आणि तिथे 'मी' लिहिलं.